भारी ग्रंथ, भारी टेकू

७ मे १६९७. स्टॉकहोमचा राजवाडा पेटलाय आणि राजाच्या संग्रहातली पुस्तकं खिडक्यांतून धडाधड खाली फेकली जातायत. त्यात एक धूड खाली येतं. उंची ९२ सेंटिमीटर, रुंदी ५०, जाडी २२, वजन ७५ किलो. खाली उभा असलेला कुणी बिचारा त्याच्या तडाख्यात सापडून जखमी झाला, असं सांगतात. हा तेराव्या शतकात बोहेमियात लिहिलेला ‘कोडेक्स गिगास’. आत सैतानाचं पानभर चित्र असल्यामुळे लोक त्याला ‘सैतानाचं बायबल’ म्हणतात. स्वीडिश सैन्याने १६४८ मध्ये तो प्रागहून लुटून आणला होता. बांधणीला मार बसला, पण ग्रंथ वाचला.

आता तो वाचायचा कसा?

मोठ्या पुस्तकाचं हे जुनं दुखणं. मांडीवर घ्यावं तर पायाला मुंग्या, टेबलावर आडवं ठेवावं तर मान धरते, हातात धरायचं तर वाचकाने आधी तालीम करायला हवी. म्हणून पुस्तक एका मापापलीकडे गेलं की त्याच्यासाठी दुसरी वस्तू लागते : त्याला उचलून, कलतं धरून, पानं मिटू न देता उभी राहणारी. या वस्तूवर राजांनी, साधूंनी, सुतारांनी, इंजिनिअरांनी आणि एका अमेरिकन नवऱ्याने भरपूर डोकं चालवलंय. त्यातल्या काहींनी गरजेपेक्षा फारच जास्त.

कलतंच का?

आधी थोडा हिशेब. ७० सेंटिमीटर उंचीचं पान टेबलावर सपाट ठेवलंय. तुमचे डोळे टेबलापासून ४० सेंटिमीटर वर आणि कडेपासून १० सेंटिमीटर मागे आहेत. तर सगळ्यात खालची ओळ डोळ्यांपासून साधारण ४१ सेंटिमीटरवर असते आणि सगळ्यात वरची तब्बल ८९ सेंटिमीटरवर. म्हणजे एकाच पानावर वरची अक्षरं खालच्या अक्षरांच्या निम्मीसुद्धा दिसत नाहीत! पान कलतं केलं की हा फरक झपाट्याने कमी होतो. गादीवर बसून खतावणी लिहिणाऱ्या मुनीमजींचं उतरतं डेस्क आणि आपल्या जुन्या वाचनालयांतली, उभ्यानेच वर्तमानपत्र वाचायची उतरती टेबलं याच हिशेबाने चालतात. (त्या टेबलांवर शेजारच्याचं पान उलटायची वाट बघत त्याच्या खांद्यावरून वाचणारे वाचक ही खास मराठी भर.)

मग थेट नव्वद अंशात उभंच का करू नये? कारण जाड पुस्तक उभं ठेवून उघडलं की पानांचा सगळा गठ्ठा पुठ्ठ्यांच्या आधाराने लोंबायला लागतो आणि शिवणीवर ताण येतो. दुकानाच्या काचेत महिनोन्‌महिने उभं उघडून ठेवलेलं पुस्तक नंतर नीट मिटत नाही, ते यामुळेच.

एक फळी, खिळा शून्य

या सगळ्या खटाटोपातलं माझं लाडकं यंत्र म्हणजे रेहल. इंग्रजी एक्स अक्षरासारखं उघडणारं, मिटलं की पुन्हा सपाट फळी होणारं. आळंदी-पंढरपूरच्या दुकानांत पोथी स्टँड म्हणून मागितलं तरी तेच हातात येतं, आणि ज्ञानेश्वरीच्या पारायणाला मंडपात ओळीने बसलेल्या वाचकांपुढेही तेच असतं. मशिदीत कुराण त्यावर, देवघरात पोथी त्यावर.

ते बनतं कसं, हे बघण्यासारखं आहे. खरं रेहल दोन फळ्या जोडून होत नाही. एकच जाड फळी घ्यायची. मधोमध, दोन्ही बाजूंनी, एकमेकांत अडकणारे दाते छिन्नीने कोरायचे. मग फळीच्या दोन्ही टोकांकडून तिच्या जाडीतच करवत घालून त्या दात्यांपर्यंत यायचं. शेवटचा धागा सुटला की फळी आपोआप दोन पानांत उघडते. बिजागरी त्याच लाकडाची. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस नाही. कोरताना एक दाता तुटला तर अख्खी फळी वाया. सहारणपूरच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांकडे शिसवीची रेहलं आजही बनतात, काश्मीरमध्ये अक्रोडाची.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये असंच एक जुनं रेहल आहे : १३६० सालचं, सागवानी, सव्वा मीटरहून उंच. त्यावर कोरीवकामाची इतकी दाटी आहे की वर पुस्तक ठेवायला जीव धजावू नये. बनवणाऱ्याने स्वतःचं नावही त्यात कोरून ठेवलंय : हसन बिन सुलेमान अल-इस्फहानी. साडेसहाशे वर्षांनंतर एखाद्या सुताराचं नाव आपल्याला ठाऊक असणं ही साधी गोष्ट नव्हे.

रेहलाचा थोरला भाऊ समरकंदला आहे. तिथल्या बीबी खानम मशिदीच्या अंगणात दगडी चौथऱ्यावर संगमरवराचा एक अवाढव्य ग्रंथाधार आहे, दोन पाचरी समोरासमोर ठेवाव्यात तसा. तैमूरचा नातू उलुगबेग याने प्रचंड आकाराच्या कुराणासाठी तो करवून घेतला. आधी तो मशिदीच्या आत होता. इमारत खिळखिळी झाल्यावर १८७५ मध्ये बाहेर आणला. ग्रंथ केव्हाच गेला, आधार राहिला, आणि लोकांनी त्याला नवं काम दिलं. मूल व्हावं म्हणून बायका त्याच्याखालून रांगत जाऊ लागल्या. खगोलशास्त्रज्ञांच्या पंगतीत बसणाऱ्या, वेधशाळा बांधणाऱ्या उलुगबेगाला याचं काय वाटलं असतं कोण जाणे.

संधिवात असलेल्यांसाठी खास

आता दुसरं टोक. १५८८ साली पॅरिसमध्ये आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन लष्करी इंजिनिअरने यंत्रांच्या चित्रांचं एक देखणं पुस्तक काढलं. पाणी उपसायचे पंप, पूल, किल्ल्याची दारं उखडायची अवजारं, असा सगळा मामला. आणि मधेच हे : एक मोठं उभं चाक, त्यावर गोलाकार बसवलेल्या उतरत्या फळ्या, प्रत्येक फळीवर उघडा ग्रंथ. वाचक खुर्चीत बसलाय. चाक फिरवलं की पुढचा ग्रंथ समोर हजर. रामेल्ली गंभीरपणे शिफारस करतो की अभ्यासूंना, विशेषतः संधिवाताने बेजार झालेल्यांना, हे यंत्र फार सोयीचं पडेल. उठायलाच नको!

फळ्या वर जाताना उलटून पुस्तकं डोक्यात पडू नयेत म्हणून त्याने आत दातेरी चाकांची भलतीच गुंतागुंत बसवली. खरं तर जत्रेतल्या आकाशपाळण्याचे पाळणे जसे नुसते टांगलेले असतात आणि स्वतःच्या वजनानेच सरळ राहतात, तसं केलं असतं तरी भागलं असतं. रामेल्लीला हे कळत नव्हतं असं नाही. पण हातात दातेरी चाकं असताना साधेपणा कुणाला सुचतो? त्याने स्वतः हे यंत्र बांधल्याचा पुरावा मिळत नाही. इतरांनी मात्र पुढे अशी चाकं बांधली; जर्मनीतल्या वोल्फेनब्यूटेलच्या ग्रंथालयात एक जुनं चाक अजून आहे. वास्तुरचनाकार डॅनियल लिबेस्किंड यांनी १९८५ च्या व्हेनिस बिनालेसाठी एक उभं केलं. अमेरिकेत रॉचेस्टरच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी चित्रावरून मापं काढून अलीकडे पुन्हा बांधलं आणि ते फिरतं!

हीच कल्पना टेबलावर मावेल अशी कुणी केली असेल तर थॉमस जेफरसनने. अमेरिकेच्या या तिसऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या मोंटिसेलोच्या घरात एक फिरतं बुकस्टँड आहे, तिथल्याच सुतारशाळेत बनल्याचं मानलं जाणारं. चार बाजूंना चार आणि माथ्यावर एक, अशी पाच पुस्तकं एकाच वेळी उघडी. प्रत्येक फळीचा कल हवा तसा बदलायचा, सगळं मिळून गर्रकन फिरवायचं आणि काम झालं की मिटून चौकोनी खोका करून ठेवायचा. पाच पुस्तकं एकदम कशाला, असं विचारू नका. या माणसाने १८१५ मध्ये आपली ६,४८७ पुस्तकं अमेरिकी संसदेला विकली आणि लगेच नव्याने जमवायला सुरुवात केली. एवढा सुटसुटीत डौल मला त्या चाकात दिसत नाही. फक्त एक गोष्ट विसरू नये : मोंटिसेलोच्या कारखान्यांत गुलामीत असलेले कुशल कारागीर राबत होते, आणि मालकाच्या कल्पकतेच्या गोष्टी सांगताना त्यांचे हात अनेकदा चौकटीबाहेर राहतात.

बायकोची डिक्शनरी आणि नवऱ्याची पवनचक्की

तुम्हाला हवी ती उंची, हवा तो कल, असं आज आपण ज्याला ॲडजस्टेबल म्हणतो, ते स्टँड घराघरांत पोहोचलं ते शब्दकोशाच्या पाठीवर बसून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बऱ्या घरात वेबस्टरचा एकखंडी कोश असणं प्रतिष्ठेचं झालं. १८६४ च्या आवृत्तीत अठराशेच्या आसपास पानं होती. एक स्पेलिंग बघायचं तर दोन्ही हातांनी ते ओझं उचलायचं, आपटायचं, उघडायचं.

शिकागोच्या आयडा नॉइस या बाईंची या कोशाशी रोज झटापट चालायची. नवरा ला व्हर्न नॉइस शेतीच्या अवजारांत रमणारा. त्याने बायकोसाठी तारेचं एक स्टँड बनवलं : कोशाला दोन्ही बाजूंनी पेलणारं, स्प्रिंगच्या जोरावर त्याला चापून धरणारं, उंची आणि कल बदलता येणारं. १८८० च्या दशकात ‘नॉइस डिक्शनरी होल्डर’ धडाक्याने खपलं. घरं, शाळा, वकिलांच्या कचेऱ्या, सगळीकडे कोपऱ्यात एका पायावर उभी असलेली डिक्शनरी दिसू लागली.

आता या पैशाचं पुढे काय झालं बघा. नॉइसकडे थॉमस पेरी नावाचा इंजिनिअर होता. त्याने आधी पवनचक्कीच्या पात्यांवर पाच हजारांहून जास्त प्रयोग केले होते आणि लाकडी पात्यांऐवजी बाकदार पोलादी पाती कितीतरी जास्त काम देतात हे सिद्ध केलं होतं. त्यातून १८८८ मध्ये ‘एअरमोटर’ पवनचक्की बाजारात आली. पहिल्या वर्षी विकल्या गेल्या अवघ्या ४५. शेजारपाजारच्या कंपन्यांनी तिला ‘गणिती पवनचक्की’ म्हणून हसून घेतलं. चारच वर्षांनी, १८९२ मध्ये, वर्षाचा खप २० हजारांवर गेला होता. हॉलिवूडच्या काऊबॉय सिनेमात मागे कुरकुरत फिरणारी लोखंडी पवनचक्की आठवते ना? बहुधा तीच, किंवा तिची नक्कल. म्हणजे अमेरिकेच्या कोरड्या माळरानावर गुरांना पाणी पाजणाऱ्या त्या चक्क्यांमागे एका बाईचं दुखरं मनगट होतं! शिकागो विद्यापीठात तिच्या नावाचं ‘आयडा नॉइस हॉल’ १९१६ पासून उभं आहे.

आपल्याकडे हा धंदा चालला असता का, शंका आहे. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला; केतकरांचा ज्ञानकोश तर २३ खंडांचा. एकेक खंड हातात मावतो. वजनाचा प्रश्न आपण खंडांत वाटून सोडवला. हवा तो खंड नेमका जागेवर नसतो, ही त्याची किंमत. ऑक्सफर्डवाल्यांनी १९७१ मध्ये तिसरीच शक्कल काढली : आपला महाकाय कोश मुंगीएवढ्या टायपात दोन खंडांत कोंबला आणि स्टँडऐवजी सोबत भिंग दिलं.

गरुड, साखळ्या आणि फिरती चौकट

इंग्लंडमधल्या चर्चमध्ये बायबल बऱ्याचदा पितळी गरुडाच्या पसरलेल्या पंखांवर ठेवलेलं असतं. गरुड हे संत जॉनचं चिन्ह. साउथवेलच्या चर्चमधला असाच एक गरुड पूर्वी न्यूस्टेड मठात होता. आठव्या हेन्रीने मठ बंद पाडायला घेतले तेव्हा साधूंनी तो तळ्यात बुडवून ठेवला. दोनेकशे वर्षांनी वर काढला, तर त्याच्या पोटात मठाचे कागदपत्र! टेकू म्हणून केलेल्या वस्तूची तिजोरी झाली होती.

स्पेनमधल्या एल एस्कोरियलच्या राजमठात गायकवृंदासाठी भव्य फिरती चौकट आहे. तिथल्या दोनशेच्या वर संगीतपोथ्या मुद्दामच राक्षसी मापाच्या केल्यात. कारण प्रत्येकाला वेगळं पुस्तक देण्यापेक्षा एकच पुस्तक मध्ये उभं करून अख्ख्या वृंदाने लांबून वाचणं स्वस्त पडे. इटलीतल्या चेझेनाचं मालातेस्तियाना ग्रंथालय १४५४ चं. तिथे ५८ बाकांना उतरती फळी आहे आणि ग्रंथ आजही त्या बाकांना साखळीने बांधलेले आहेत. वाचकाने ग्रंथाकडे जायचं, ग्रंथ वाचकाकडे येणार नाही. इंग्लंडमध्ये हेरेफर्डला साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला असते, म्हणून तिथली पुस्तकं कपाटात पाठ आत आणि पानं बाहेर अशी उलटी उभी असतात. नाव शोधायचं तर यादी बघा.

टेकू फुकट नाही

आता थेट बाजारात. १९९९ मध्ये छायाचित्रकार हेल्मुट न्यूटनचं ‘सुमो’ हे पुस्तक ताशेन प्रकाशनाने काढलं. पान ५० बाय ७० सेंटिमीटर, वजन सुमारे ३० किलो. असलं पुस्तक ठेवणार कुठे, हा प्रश्न गिऱ्हाइकाने विचारायच्या आतच फिलिप स्टार्क या बड्या डिझायनरकडून खास धातूचं स्टँड बनवून घेऊन ते पुस्तकाबरोबरच दिलं. शंभरावर नामवंतांच्या सह्या असलेली पहिली प्रत २००० साली बर्लिनमध्ये ६ लाख २० हजार मार्कांना गेली. मग तर स्टँड हीच प्रतिष्ठा झाली. छायाचित्रकार साल्गादोच्या ‘जेनेसिस’साठी जपानी वास्तुरचनाकार तादाओ आंदो यांनी लाकडी स्टँड आखलं, चित्रकार हॉकनीच्या ३५ किलोच्या ‘अ बिगर बुक’साठी मार्क न्यूसनने रंगीबेरंगी पायांचं. ही पुस्तकं वाचतं कोण, असं विचारणं असभ्यपणाचं ठरेल. दिवाणखान्यात पाहुण्यांची नजर जाईल अशा कोनात ती उभी असतात, एवढं पुरे.

पण मोठं पान नुसतं मिरवण्यासाठीच असतं असंही नाही. पक्षीचित्रकार ऑड्यूबनने ‘बर्ड्‌स ऑफ अमेरिका’साठी (१८२७–१८३८) ठरवलं की प्रत्येक पक्षी खऱ्या मापाचाच काढायचा. ४३५ चित्रं, पान जवळजवळ एक मीटर उंच. तरीही रोहित पक्षी त्यात मावेना, म्हणून त्याला मान खाली वाकवायला लावलंय. काय सुंदर तडजोड! या ग्रंथाची प्रत ज्या ग्रंथालयांत काचेखाली उघडी ठेवतात, तिथे ठरावीक काळाने पान उलटायचा रिवाज आहे. कारण एकाच चित्रावर कायम प्रकाश पडला तर रंग उडतात.

डॉक्टरांचा सल्ला

दुर्मीळ ग्रंथ सांभाळणारे लोक चकचकीत स्टँडपेक्षा फोमच्या पाचरींवर भरवसा ठेवतात. पुस्तक १८० अंशात फाकवायचं नाही. दोन्ही पुठ्ठ्यांखाली पाचरी लावून ९० ते १२० अंशांत ठेवायचं. पान मिटू नये म्हणून कापडी नळीत शिशाचे छर्रे भरलेलं वजन कडेला अलगद टाकायचं. त्याला तिथे साप म्हणतात, आणि वाचनकक्षात ‘जरा साप द्या’ म्हटलं तर कुणी दचकत नाही. खरी मेख पुढेच आहे. वाचत जाल तशी उजवीकडची जाडी कमी होते आणि डावीकडची वाढते, म्हणून आधारही पानांबरोबर बदलत न्यावा लागतो. बाजारातली बहुतेक स्टँडं इथे नापास होतात. पहिल्या पानाला झकास, पाचशेव्या पानाला पुस्तक वाकडं.

मऊ आधाराची ही रीत गुरुद्वाऱ्यात मात्र आधीपासून आहे. नांदेडला १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंहांनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिलं. १,४३० पानांचा हा ग्रंथ संगतीपेक्षा उंच, मंजी साहिबवर विराजमान असतो आणि त्याच्या खाली व दोन्ही अंगांना गाद्या-उशा असतात. भाव अर्थातच गुरूच्या आसनाचा. पण ग्रंथाच्या शिवणीलाही हेच मानवतं.

भारी भारतीय ग्रंथांत राज्यघटनेची हस्तलिखित हिंदी प्रतही आली. सुलेखन वसंत कृष्ण वैद्य यांचं, हातकागद पुण्याच्या संशोधन केंद्राचा, वजन १४ किलो. ती आणि इंग्रजी प्रत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद काचपेटीत आहेत. तिथे टेकूबरोबर हवेचीही काळजी घेतात.

आणि वजनदारांचा सरदार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परतला तेव्हा योहानेस क्लेंके या डच माणसाने, इतर व्यापाऱ्यांच्या वतीने, त्याला पावणेदोन मीटर उंचीचा नकाशासंग्रह भेट दिला. हलवायला सहा माणसं लागतात. इतकी वर्षं तो बहुतेक मिटलेलाच होता. पानं उघडून तो लोकांपुढे पहिल्यांदा मांडला २०१० मध्ये. पुढे त्याची छायाचित्रं घ्यायची ठरली तेव्हा आधी त्याच्या मापाचं जंगी स्टँड लागलं. आता तो अख्खा तळहातावरच्या फोनमध्ये बघता येतो. फोन धरून हात दुखला, तर दादर स्टेशनबाहेर मोबाइल स्टँड मिळतं : प्लास्टिकचे दोन तुकडे, मधे खाच, एकमेकांत अडकवले की झालं. भाव करा, कमी होतो.